कुणाचा उजवा

कुरुळी, २६ मार्च १९५६, सोमवार
पत्राला आज आठ दिवस. ट्रंकेत, साडीच्या घडीत. नर्स-सुईणीच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे. पुण्याला, दोन वर्षं, राहायचं तिथेच, मूल आणता येणार नाही. होय-नाही १० एप्रिलच्या आत कळवायचं. शाळेत पोरांची भांडणं चुटकीसरशी मिटवते आणि स्वतःचं मात्र तळ्यात-मळ्यात. सकाळी जायचं ठरतं, शकूची वेणी घालायला बसलं की मोडतं. चार वर्षांची आहे. बाप तर तिला आठवतच नाही. आता आईही…

२८ मार्च
सासूबाईंना सांगितलं. मास्तरणीची बरी नोकरी आहे, हे आणखी कुठले डोहाळे, म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मामंजींनी ऐकलं, विळा उचलला नि मळ्यात गेले.
पारूचं नाव कुणी काढलं नाही. शेजारची पारू, गेल्या वर्षी बाळंतपणात अडली. पुण्याला नेताना मोशीच्या ओढ्याशी गाडीतच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सारखी म्हणत होती, बाई, काहीतरी करा. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. अर्ज त्याच आठवड्यात केला. करताना विचार केला नाही, आता तेवढाच करते आहे.

३१ मार्च, शनिवार
मामंजी चाकणच्या बाजारातून आले, पाणी प्याले, म्हणाले, उद्या नाथाला कौल लावू, देव म्हणेल ते. ‘हे’ गेल्यापासून तीन वर्षांत मामंजींनी देवाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझं ओझं देवाच्या डोक्यावर, मी मोकळी. आज पोटभर जेवले.

१ एप्रिल, रविवार
गुरवबाबांनी दोन ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. बाबांना हल्ली दिसत नाही, चाचपून लावतात. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, मामंजी मंडपात खांबाला टेकून. बराच वेळ काही नाही. उभं राहून पायांना रग लागली. मग एक कळी टपकन खाली.
“कुठली गं पडली?” बाबांनी विचारलं.
“उजवी,” मी म्हटलं.
“देव राजी हाय.”
रडू आलं, आवरलं नाही. घरी येऊन होकाराचं पत्र लिहिलं.

२ एप्रिल
शाळा सुटल्यावर चाकणला चालत जाऊन पत्र पेटीत टाकलं. हात जरासुद्धा अडला नाही. देवाने सांगितल्यावर अडायचं काय.

५ एप्रिल, गुरुवार
कवायत. पहिलीची पोरं माझ्याकडे तोंड करून उभी. नेहमीसारखं मी ‘उजवा हात वर’ म्हटलं आणि स्वतःचा डावा वर केला. समोर उभं राहून शिकवायचं तर असंच करावं लागतं, नाहीतर पोरं चुकतात. आज माझा हात वर गेला तो तसाच राहिला. देवही माझ्याकडे तोंड करूनच होता. कळी पडली ती माझ्या उजव्या हाताला. म्हणजे देवाच्या डाव्या.
देव नको म्हणाला होता.
तीन वर्षं उजवं-डावं शिकवते आहे मी.

७ एप्रिल
दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. गुरवबाबांना आडून विचारलं, कौल पुन्हा लावता येतो का? नाही. एका गोष्टीला एकच, पुन्हा विचारणं म्हणजे देवावर अविश्वास. नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे, दोन ओळींचं. टाकलं तर पारू डोळ्यांपुढे येते. न टाकावं तर शकूला काही झालं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसावं, कुणाला कळतंय, असंही मनात आलं. लाज वाटली.

८ एप्रिल, रविवार
विहिरीवर मामंजींना सगळं सांगितलं. बैल थांबवून ऐकलं.
“मला दिसलं व्हतं,” ते म्हणाले. “डावीच पडली. पर तू उजवी म्हनलीस. म्या म्हनलं, ज्येला चालायचं हाय त्येचा उजवा धरावा.”
मी विचारलं, आणि देव?
“देव त्येवर काय बोलला न्हाई. म्या वाट बघितली. आता तू जा, पोरी.”
नकाराचं पत्र चुलीत घातलं. सासूबाईंनी पाहिलं, लाकूड आत सारलं.

२७ मे, रविवार
निघण्याआधी नाथाच्या पाया पडायला गेले. मंडपात जरा टेकले, मामंजी बसले होते त्याच खांबाला. तिथून देव दिसत नाही. गाभाऱ्याची भिंत आड येते, समईचा उजेड तेवढा दिसतो. इकडे सरकले, तिकडे सरकले. नाहीच दिसत.
बांधाच्या भांडणात सख्ख्या भावासाठी खोटी साक्ष न दिलेला हा माणूस. माझ्यासाठी देवाच्या बाबतीत खोटं बोलला. मी विचारणार नाही. नाथाला एवढंच म्हटलं, चूक असेल तर ती माझी, त्यांच्या पदरात घालू नकोस. आणि मी जाते आहे. तुझा होकार आहे म्हणून नाही, तू मागे उभा राहशील म्हणून.
पहिल्यांदाच देवापुढे काही मागून, त्याच्या उत्तराची वाट न बघता उठले.

पुणे, २४ जून, रविवार
मंगळवारी बाळंतपण पाहिलं. आडवं मूल होतं. मोठ्या नर्सबाईंनी बाळंतिणीच्या पोटावर माझा हात धरून ठेवला, म्हणाल्या, डोकं कुठंय सांग. सांगितलं, बरोबर आलं. बाई वाचली, मूल नाही. म्हणजे शिकायचं अजून खूप आहे.
आज भेटीचा दिवस. मामंजी शकूला घेऊन आले. वाळली आहे. मामंजी म्हणतात, खाते नीट, पण तोंडाकडे बघून खरं वाटेना. मामंजींच्या धोतराला धरून माझ्या पांढऱ्या साडीकडे बघत राहिली. घरी मला ‘तू’ म्हणायची. आज म्हणाली,
“तुमी जेवला का?”
सासूबाईंनी शिकवून पाठवलं असेल. की तिचं तिलाच…
जेवले, म्हटलं मी. जेवले नव्हते.