लाटेला लावलेला कान

दि. १४ मे

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा पाय कसा आहे? तुझी वहिनी विचारतेय, रोज चोळतोस ना, की कंटाळा करतोस?

काल लेक-जावयाने आम्हाला फिरायला नेलं. जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांकडे इथे परदेशात बस भरभरून माणसं नेतात. सकाळी चीजवाला, मग वाइनची पिंपं बनवणारा, मग टोपल्या विणणारी एक म्हातारी. चाखा, टाळ्या वाजवा, फोटो काढा. वाइन मी नुसती हुंगली. तुझी वहिनी मात्र दोन घोट घेऊन मोकळी झाली आणि बसमध्ये घोरली.

शेवटच्या ठिकाणी आत पाऊल टाकलं आणि वास आला. अरे, आपल्या पडवीचा वास! लाकडी घाणा होता. फिरवायला मोटर, पण उखळ लाकडाचं, त्यात फिरणारी लाटही लाकडाची. घाणेवाला आपले अण्णा गेले तेव्हाच्या त्यांच्या वयाचा. लाटेला कान लावून उभा होता, थेट तुझ्यासारखा.

लेकीला राहवलं नाही. "आमच्याही घरी घाणा होता," तिने सांगून टाकलं. म्हाताऱ्याने हसून पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. दाणा रगडला जाऊन कुरकुर बदलली की तेव्हाच पाणी शिंपडायचं, हे तुला काय सांगायचं! अण्णा तुला ते शिकवायचे, तेव्हा मी अभ्यासाच्या नावाखाली माडीवर पळायचो. पण सगळे बघत होते ना! मी कान लावला, जाणत्यासारखी मान डोलावली आणि ओतलं. सगळी घाणी बिघडली. तेल सुटेचना, नुसता लगदा. लोक हसले. म्हातारा हसला नाही.

त्याने लेकीकरवी विचारलं, "तुमच्या घरी कान कोणाचा?"

"धाकट्या भावाचा."

"अजून चालवतो?"

"हो, रोज," मी म्हणालो.

लेक माझ्याकडे बघतच राहिली.

धाकट्या, तू पाय मोडून दवाखान्यात होतास तेव्हा घाण्याला वाळवी लागली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. एक किडासुद्धा नव्हता. लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि दारात पेंड, घरभर तेलाचा वास. मला लाज वाटली. कारण एवढंच. तू म्हणालास, "उखळ तरी ठेव दादा, पोखरलेलं मी तासून काढीन." मी म्हटलं, पार भुसा झालाय, उरलेलं भंगारवाल्याने विकत नेलं.

त्याला आठ वर्षं झाली. तू पतपेढीच्या दारात स्टुलावर बसून असतोस. हाक मारली तरी तुला कळत नाही. सगळे म्हणतात, याचा कान गेला. कान गेला नाही. तुला ऐकण्यासारखं मी काही ठेवलंच नाही.

म्हाताऱ्याने तुझ्यासाठी तेलाची बाटली दिलीय. ती तुझ्यापुढे कशी ठेवू? नवा घाणा करू म्हटलं, तर तुझी आठ वर्षं कुठून आणू? माफी मागायला तोंड नाही.

अजून एक राहिलंय. घाणा कोणी विकत नेला नव्हता. मी तो परसात फोडून घेतला. तू दवाखान्यातून आलास, त्यानंतर महिनाभर तुझं आंघोळीचं पाणी त्याच लाकडावर तापलं. पहिल्याच दिवशी तू बंबाजवळ थांबून ऐकत होतास. म्हणालास, "लाकूड चांगलं वाळलंय हं दादा, आवाजच सांगतोय."

मी हो म्हणालो.

ज्याला तू अजून दादा म्हणतोस,
तो