व्याह्याविरुद्ध साक्ष

भिवंडी,
रविवार

प्रिय भाविका,

शुक्रवारी कोर्टात काय झालं ते तुझ्या आईने फोनवर तुला सांगितलं, आणि तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास, एवढं मला कळलंय. पण तुझी आई कोर्टात आलेली नव्हती. म्हणजे तिचं सांगणं ऐकीव झालं, आणि सरकारी वकील म्हणून इतकी वर्षं काढून ऐकीव गोष्टीवर मी माझ्याच मुलीला मत बनवू देणार नाही. फोनच करणार होतो, पण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे आई शेजारी उभी राहून दुरुस्त्या सुचवते. तुझा मामेभाऊ विशाल उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

क्रमाने सांगतो, सवय आहे. गेल्या वर्षी खारबावला नामाशेठच्या पुतण्याची हळद होती. दिघाशीच्या बँड पार्टीतला बाबू ट्रम्पेट वाजवत होता. नामाशेठना एकच गाणं पुन्हा पुन्हा हवं होतं. शेवटी बाबू म्हणाला, "शेठ, ओठ सुजलं. जरा पानी पिऊ द्या." नामाशेठनी जवळची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि भिरकावली. बाबूचा पुढचा दात गेला. मी समोरच मटणाची ताटली घेऊन बसलो होतो. पाहिलं. पोलीस आले तेव्हा जबाबही दिला. त्या दिवशी नामाशेठ माझ्या लेखी फक्त खुर्ची फेकणारे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा मनोज आणि तू त्याच हळदीत भेटलात, हे मला साखरपुड्याच्या वेळी कळलं. खुर्ची उडाली तेव्हा तुम्ही दोघं मंडपात नव्हता. कुठे होता हे मी विचारलेलं नाही. आमच्या धंद्यात नको ते उत्तर येईल असा प्रश्न विचारत नाहीत.

मुका मार असता तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण कायद्याच्या दृष्टीने दात पडला की दुखापत गंभीर होते. नामाशेठना हे माहीत असतं तर त्यांनी खुर्ची जरा खाली धरली असती. गावच्या जाणत्यांनी मिटवायचा प्रयत्न केला. बाबूचं मागणं सरळ होतं, "शेठनी सगल्यांसमोर बोलावा, मीच मारला. मना बाकी काय नको." पण नामाशेठचं म्हणणं, दात आधीपासून हालतच होता, खुर्ची फक्त निमित्त. झालं, खटला उभा राहिला.

तू लहानपणी मला एकदा विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही जिंकता कधी?" तेव्हा मी तुला समजावलं होतं की सरकारी वकिलाचा पक्षकार म्हणजे सरकार. हा पक्षकार कधी कोर्टात येत नाही, कधी पेढे आणत नाही, आणि त्याचे साक्षीदार ऐन वेळी आरोपीचे पाहुणे निघतात. इकडे गुन्ह्याला पुरावा लागतो आणि सोयरिकीला मुहूर्त. मुहूर्त नेहमी आधी येतो. मारामारीतल्या दोन्ही बाजू खटला उभा राहीपर्यंत एकमेकांच्या व्याही-विहिणी झालेल्या मी किती पाहिल्या. डोक्याला टाके पडलेला माणूस शपथेवर सांगतो, "साहेब, मीच पडलो. व्याही मना उचलाया आला व्हता." अशा माणसांना मी फितूर घोषित करून घेतलं आहे, आणि संध्याकाळी घरी येऊन तुम्हा दोघींना त्यांच्या नकला करून दाखवल्या आहेत.

या खटल्यात तर सगळा मांडवच फितूर झाला. नवरदेवाचा मामा मोरू म्हणाला, "मी नाचत व्हतो साहेब. नाचताना मी डोले मिटतो." आचारी टोपात बघत होता. ड्रोनवाल्याच्या चित्रणात सगळ्या गावाचे टाळू दिसतात, पण ऐन क्षणी त्याने ड्रोन आंब्याच्या झाडाकडे वळवला होता. उरलो मी एकटा. समन्स आलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." तुझ्या आईच्या मते याचा अर्थ, गप्प बसा. मी तो शब्दशः घेतला.

शुक्रवारी कोर्टाच्या व्हरांड्यात नामाशेठ बाकावर बसले होते. मला पाहून उठले, व्याह्याचा मान म्हणून जागा दिली, "या व्याही, बसा" म्हणाले. मग आरोपी आणि साक्षीदार एका बाकावर बसलेले बरे दिसणार नाहीत हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि आम्ही दोघंही उभे राहिलो. बाक रिकामा. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून डबा काढला. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, चंद्राताईंनी, माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या होत्या. साक्षीच्या आधी आरोपीच्या घरचा डबा! मी म्हटलं, "नामाशेठ, हे मला चालत नाही." ते दुखावून म्हणाले, "तिखट कमीच हाय." आमच्या रूपा मॅडम हा खटला चालवतात. मी साक्षीदार, म्हणून मला तो चालवता येत नाही. त्या लांबून डब्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती कायद्याची होती की भुकेची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. डबा मी परत दिला. घरी आल्यावर हे ऐकून तुझी आई माझ्याशी मांजरीमार्फत बोलू लागली आहे. "सांग त्यांना, भात वाढलाय."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझी पंचाईतच झाली. रूपा मॅडमनी विचारलं, "नामदेव यांनी खुर्ची फेकून मारताना तुम्ही पाहिलं ना?" आणि मी सवयीने म्हणालो, "हरकत आहे. प्रश्न सूचक आहे." न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्ही साक्षीदार आहात," ते म्हणाले, "आणि हरकत बरोबर आहे." रूपा मॅडमनी मग मान खाली घालून नीट विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय पाहिलंत?"

भाविका, तिथे मला मोरू आठवला. डोळे मिटून नाचणं किती सोपं असतं हे पहिल्यांदा कळलं. मागच्या बाकावर बाबू बसला होता. तो आता झांजा वाजवतो. पुढचा दात नसला की ट्रम्पेटमध्ये फुंकायची हवा बाहेरच निसटते, आणि बँडमध्ये झांजवाला सगळ्यात मागे चालतो. मी सांगितलं. खुर्ची कोणी उचलली, कोणी फेकली, कोणाला लागली. बाबू तोंडावर हात ठेवून हसला की रडला, मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही. बाहेर आलो तेव्हा नामाशेठ चपला घालत होते. "निघतो, वकीलसाहेब," म्हणाले. सकाळी मी व्याही होतो.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. वेळ संपली म्हणून माझी उलटतपासणी मंगळवारवर गेली. नामाशेठचे वकील भरत, माझे जुने मित्र. त्यांचा पहिला प्रश्न कोणता असेल हे मी आजच सांगू शकतो: "आरोपी तुमचे होणारे व्याही आहेत, हे खरं आहे का?" मी 'हो' म्हणालो तर साक्ष घट्ट बसते, कारण आपल्या व्याह्याविरुद्ध खोटं कोण बोलेल? 'नाही' म्हणालो तर ते म्हणतील, लग्न मोडलं त्याचा राग काढताय. तू मात्र या हिशेबाने उत्तर देऊ नकोस. साक्ष माझी आहे, लग्न तुझं. शुक्रवारपासून तू मनोजशी बोललीस का, तो काय म्हणाला, तुला स्वतःला काय हवंय, यातलं मला काहीच ठाऊक नाही, आणि शपथेवर अंदाज सांगता येत नाही. तेव्हा मंगळवारी कोर्ट बसायच्या आत मला एवढंच कळव, हे लग्न तुला करायचंय, हो की नाही. जे असेल ते मी तिथे तसंच सांगेन. आणि 'नाही' असेल तर पिंजऱ्यातून उतरलो की थेट एसटी धरून तुझ्याकडे येतो. वकील म्हणून नाही, साक्षीदार म्हणूनही नाही.

तुझाच,
बाबा