जरबेऱ्याच्या वाट्याचा चुना

अहो,

लाइट अकरालाच गेलीय. फ्रिज उघडू नका, माठातलं पाणी प्या. भाकरी डब्यात आहे.

मी हर्षालीकडे गेलेय, आईंना आणायला. आठ दिवस झाले त्यांना धाकट्या सुनेकडे जाऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हर्षालीच्या घरात लाइट गेली तरी कळत नाही." आपल्या घरात लगेच कळतं. एसी बसवायचा म्हणून मागची खिडकी विटांनी बुजवली, ती माझीच हौस. सगळ्या गल्लीला बोलावून एसी दाखवला होता मी.

आणि तिचं कौतुक कशाचं, तर गच्चीला चुना मारून घर गार ठेवलं म्हणून! तोही आपल्याच पॉलिहाऊसचा उरलेला, मागून नेलेला. जरबेरा करपू नये म्हणून दर उन्हाळ्यात आपण त्या प्लास्टिकला चुना मारतो आणि घरी येऊन तव्यावर झोपतो. डोकं चाललं ते तिचं. तुम्हीसुद्धा काल "आईला बघून येतो" म्हणून गेलात आणि तिच्या पुढच्या खोलीत चार तास घोरत पडलात. भाऊजींनीच सांगितलं.

सकाळी तुम्ही मार्केटला गेल्यावर यंदाचा सगळा चुना मी आपल्या गच्चीला मारला. पिंपात काही उरलेलं नाही, शोधत बसू नका. हर्षालीने विचारलं तर गच्ची पावसात गळते म्हणून मारला म्हणा. तिचं बघून मारला म्हणालात तर याद राखा.

ऊन उतरलं की ती खिडकी फोडायला घ्या. नवा चुना येईपर्यंत जरबेऱ्याला राहू दे उन्हात. मी या घरात आठ उन्हाळे काढलेत.

प्रतिभा