छातीतली जळजळ आणि आठ दिवसांच्या विटा

तीर्थरूप बाई,

धाकट्या भावाचा, लटारूचा तुझ्या आणि भाऊजींच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे, धानाची रोवणी आटोपली का, सगळे कळव. तुमच्या भामरागडकडे फोन लागत नाही आणि पुराने रस्ता बंद, म्हणून पत्र लिहितो. पोचेल तेव्हा पोचेल.

वच्छला जाऊन चार महिने झाले आणि तेव्हापासून माझ्या छातीत रोज जळते. कामावर प्लांटमधल्या लोकांना वाटले, हृदयच असणार. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हे आम्लपित्त. (खरे सांगतो, मला वाईटच वाटले. बायको गेल्यावर माणसाचे हृदय इतके ठणठणीत असावे काय?) मग पथ्य धरले. ठेचा सोडला, अंबाडीची भाजी सोडली, रिकाम्या पोटीचा चहा सोडला, आता बडीशोप चघळतो. जेवून लगेच आडवे व्हायचे नाही म्हणून कॉलनीत फेऱ्या मारतो, तर लोक सांत्वनाला थांबवतात आणि स्वतःच्याच पित्ताची हकीकत सांगत बसतात.

डॉक्टरांनी खाट उशाकडून वीतभर उंच करायला सांगितली होती. मी खाट ओढली, फिरवली, विटा लावल्या आणि आडवा झालो, तेव्हा कळले की डोके उत्तरेला आले. आपल्यात तसे कोणी निजत नाही. (वच्छलाला त्या दिवशी तसेच ठेवले होते ना.) मी घाबरून उशी दुसऱ्या टोकाला नेली. विटा राहिल्या तिथेच. आठ दिवस पाय वर, डोके खाली, आणि घशाशी नुसता जाळ! शेवटी शेजारचा अयूब दुपारी डोकावला. म्हणाला, "लटारूभाऊ, काऊन असे झोपून राह्यले? पित्ताले तं तुम्ही उतारच करून देल्ला!" मी खूप हसलो बाई, आणि तो गेल्यावर तितकाच रडलो. वच्छला असती तर पहिल्याच दिवशी तिने मला खाटेवरून उठवले असते. घरात चूक दाखवणारे कोणी उरले नाही.

बाकी मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
लटारू

ता. क. ठेचा सोडला हे पूर्ण खरे नाही. रविवारी खातो.

ता. क. दुसरा. डॉक्टर म्हणाले, थोडे कमी जेवत जा. त्यांना सांगितले नाही, तुला सांगतो. माझ्या हातून रोज दोघांचाच भात शिजतो. तिच्या वाट्याचा फेकवत नाही, मग तोही मीच खातो. एका माणसाला किती मुठी तांदूळ लागतात, तेवढे लिही.