खिडकीसमोरचा वाफा

३ मार्च

आणि तापलेली सळई तिसऱ्या भोकातच अडकली. प्लॅस्टिक वितळून तिला चिकटलं. ओढायला गेले तर ड्रमच माझ्यामागे सरपटत आला. डोळ्यांत धूर. डावं मनगट वळत नाही — कालचं. म्हणून सळई उजव्या हातात, ड्रम गुडघ्यांत धरलेला. समोरच्या टेलरबाई खिडकीतून ओरडल्या, "काकू, काय जाळताय? घर की कुणाला?"

"खताचा ड्रम करतेय! आतल्या कचऱ्याला हवा लागते म्हणे."

"इथं माणसांना मिळेना, आणि कचऱ्याला हवा!"

मी हसले. माझा धाकटा दारात उभा होता, तोही हसला. पुढे आला, माझ्या हातातून सळई घेतली, उरलेली भोकं पाडून दिली. एका रांगेत, सुबक. बाईंना दिसेल असा उभा राहून.

हे कशासाठी चाललंय ते लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच वेडेपणा वाटेल. परवा दोरीवर कपडे घालत होते. निळा शर्ट सापडेना म्हणून तो मागून आला. हात उचलला. मी डोळे मिटले. काही लागलं नाही. उघडले तर तो त्याच हाताने डोकं खाजवत होता. समोर खिडकीत टेलरबाई मान वर करून बघत होत्या.

म्हणजे अंगणात नाही. घरातच.

कपडे घालायला कितीसा वेळ लागतो? भाजी लावली तर दिवस पुरत नाही म्हणतात.

४ मार्च

जागा ठरली. कुंपणाला लागून, खिडकीच्या बरोबर समोर. सावलीचा पत्ता नाही. नसू दे.

८ मार्च

जमीन कसली, दगडच! कुदळ मारली की हात झिणझिणतात. विटांचे तुकडे निघाले, बाटलीच्या काचा, एका बुटाचा तळ. ह्यांनी हे घर बांधलं तेव्हाचा राडारोडा. ह्यांनी सगळंच वरून सारवून घेतलं होतं.

दुपारी आतून हाक आली, "आई, जरा आत ये."

धाकट्याच्या 'आई'चे दोन प्रकार आहेत. हा दुसरा.

"हात मातीत आहेत रे!" मी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. टेलरबाईंचं मशीन थांबलं.

"राहू दे, राहू दे. सावकाश ये," तो म्हणाला. मधासारखं.

पण जेवायला आत जावंच लागतं. ताट भिरकावलं. कड कपाळावर बसली. भाजी खारट झाली म्हणे. मी मीठ घालायलाच विसरले होते.

९ मार्च

दोन टाके. "ड्रमचं झाकण उडालं," सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात कशाला हवीत ही बागकामं?" हो म्हटलं.

१७ मार्च

ड्रम बिघडला. मी नुसत्या साली, उष्टं, भाजीची देठं टाकत गेले. आत काळा चिखल झालाय आणि अळ्या वळवळतात. वास तर असा की आपलाच आपल्याला राग यावा.

टेलरबाई नाकाला कापड लावून आल्या. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. कापडांत वास बसतोय, गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. दोन दिवस खिडकी लावून घेते हं."

 "आजच नीट करते," म्हटलं.

"अहो सावकाश! एवढं काय रडायचं त्यात?"

रडत होते हे मला कळलंच नव्हतं.

त्यांनी खिडकी लावली. थोड्या वेळाने तो बाहेर आला. आधी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग केसांना धरून वाफ्यापासून दारापर्यंत. खुरपं हातातच राहिलं होतं. ते मी टाकून दिलं. का टाकलं?

१८ मार्च

सुताराकडून पोतंभर भुसा आणला. नाक्यावरच्या झाडाखालचा पाचोळा झाडून आणला. ड्रम आडवा पाडला, कोपरापर्यंत हात घालून सगळा चिखल उपसला. एक थर ओला, दोन थर सुके, मूठभर माती. पुन्हा तसंच. उजव्या कानाच्या वर केस नाहीत तिथे घाम झोंबतो.

२२ मार्च

वास गेला! ओल्या मातीचा आहे, तेवढाच. ड्रममध्ये हात घातला तर चटका बसला. कुजताना एवढी धग असते?

अकराच्या सुमारास खिडकी उघडली. "जमलं की काकू!" मी रोपं लावत होते. टोमॅटो, वांगी, मिरची. भेंडीचं बी टोचलं. उभी राहिले नाही. ऊठबस करताना बरगडी दुखते ते बाईंना दिसलं असतं.

म्हणजे दिसावंही, आणि दिसूही नये. बरी आहे मी!

३१ मार्च

वांग्यावर हिरव्या अळ्या. चिमटीत धरून चिरडल्या. पाणी उडतं. एक, मग दुसरी, मग पानं उलटी करकरून शोधल्या. संपल्या तरी शोधत होते. हात सरावतो. भीती वाटली.

६ एप्रिल

ऊन आता वरून पडत नाही, अंगावर येतं. नऊ वाजता पानं माना टाकतात. टोमॅटोची फुलं धरायच्या आधीच गळतात. मी ओला पंचा डोक्यावर घेऊन दुपारीसुद्धा बाहेर. तो आत पंख्याखाली. मला वाटायचं, काम सुटल्यापासून हा असा झाला. खोटं आहे. काम होतं तेव्हा संध्याकाळी मारायचा. आता दिवस मोकळा आहे, एवढंच.

रोपवाटिकेवाल्याकडे गेले होते. "मावशी, हिरवी जाळी लावल्याशिवाय या उन्हात पालासुद्धा मिळायचा नाही. वरून आणि चारी बाजूंनी. झळ आडवी येते ना!"

"बाहेरून आतलं दिसतं?"

"छे! एकदम दाट माल आहे," तो अभिमानाने म्हणाला.

"मग नको."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी आजारी मुलाला औषध नको म्हणाले.

११ एप्रिल

थोरल्याचा फोन. "कशी आहेस?"

"इकडे ऊन फार आहे."

"त्याच्याशी जरा जुळवून घे गं. बाबांसारखाच तापट आहे, मनाने वाईट नाही." म्हणजे याला माहीत आहे. थोडंफार तरी. मग म्हणाला, "भाजी लावलीयस म्हणे. जळत असेल सगळी. मी सांगतो त्याला जाळी लावून द्यायला."

"नको! त्याला काही सांगू नकोस."

"तूपण ना आई, कोणी काही करायला गेलं की तुझं नकोच असतं!"

१५ एप्रिल

मिरची गेली. टेलरबाई म्हणाल्या, "जाळी लावा की! ती काय भेंडी आहे की काडेपेटीतली काडी? आणि तुम्ही स्वतः? आरशात बघा जरा. आमच्या इस्त्रीखालून काढल्यासारख्या दिसताय."

तो पायरीवर बसून ऐकत होता. "खरंय बाई. मी कधीचा म्हणतोय."

तो कधीच काही म्हणाला नव्हता.

१९ एप्रिल

लावली. सकाळीच बांबू आणि जाळीचं भेंडोळं घेऊन आला. किती दिवसांनी त्याला असं राबताना पाहिलं! खड्डे घेतले, बांबू रोवले, तारेने आवळून बांधलं. वरून जाळी. मग चारी बाजूंनी, पार जमिनीपर्यंत. आत शिरायला घराच्या बाजूने फट ठेवली. खताचा ड्रमही आत घेतला.

टेलरबाईंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. "पोटचा पोर असावा तर असा! नाहीतर आमचे दिवटे — पाणीसुद्धा हातात मागतात."

आत सगळं हिरवं. माझे हात हिरवे. तो फटीतून आत आला, बाजूची जाळी सारखी केली, हळूच म्हणाला, "आता कसं गार वाटतंय?"

२० एप्रिल

वांग्याला खत घालत होते. हात मातीत होता. त्याने त्यावर पाय ठेवला. बुटासकट. दाबला. आणि मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल असं, "आई! हे रोप बघ, काय झकास आलंय!" टाच फिरवली. "याला रोज पाणी घाल हं!"

"काकू, ऐकताय ना तुमच्या मुलाचं?" पलीकडून टेलरबाईंचं हसू आलं.

मी ओरडले नाही. का नाही ओरडले? ओरडायचं ते घरातल्यांसाठी नसतं, बाहेरच्यांसाठी असतं. मला बाहेरच्यांसाठी ओरडता येत नाही.

मधलं बोट मोडलंय बहुतेक.

२२ एप्रिल

बरगडी.

२८ एप्रिल

भाजी तरारली आहे. खोटं कशाला लिहू? भेंडीला फुलं आली. टोमॅटोला हिरव्या गोट्या धरल्या. माती सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत धरून ठेवते. झाडांना बरं तेच मला मरण.

आज त्याने माझं तोंड ड्रममध्ये दाबलं. कशावरून ते आठवत नाही, त्यालाही आठवत नसेल. आतली धग डोळ्यांना लागली. श्वास घेतला तर भुसा आला. सोडलं तेव्हा म्हणाला, "फार आवडतं ना तुला हे?"

एक दिवस तो सोडायचा विसरेल. रागाने नव्हे. नुसता विसरेल, बोलण्याच्या नादात.

३ मे

डाव्या हाताने वही धरवत नाही. टेबलाच्या कडेला दाबून लिहिते आहे. सगळं लिहायचं आहे.

सकाळी तो दाढी करत होता. मी रस्ता ओलांडून टेलरबाईंच्या खिडकीशी गेले. आजवर कधी गेले नव्हते. "मोठी कात्री द्या जरा."

"काय कापायचंय?"

"जाळी."

त्यांनी पायडलवरचा पाय काढला. माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला. मी येते."

"तुम्ही नका येऊ."

"काकू, या आगीत गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद असतात. माझीच का उघडी असते? घामाचे थेंब कापडावर पडतात, शिव्या खाते मी गिऱ्हाइकांच्या."

मी म्हटलं, "माहीत होतं तर काही म्हणाला का नाहीत?"

"तुम्ही कुठं काही म्हणालात? मी आपली बघत राहायची. तेवढंच जमत होतं. आणि त्या दिवशी टाळ्यासुद्धा मीच वाजवल्या! मला वाटलं सुधारला. मग जाळीमागून आवाज यायला लागले."

आम्ही दोघींनी कापायला घेतली. बाई रस्त्याच्या बाजूने कापत होत्या, मी धरून ताणत होते. दाट माल खरा. करकर वाजतो. अर्धी बाजू खाली आली, ऊन वाफ्यात घुसलं. तेवढ्यात तो. गालाला साबणाचा फेस.

"कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं — बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातात कात्री. रस्त्यावर माणसं होती. सायकलवाला, दूधवाला, पलीकडच्या गॅलरीत दोघं. सगळे बघत होते. आता हात थांबेल, मला वाटलं.

थांबला नाही. हातात फावड्याचा दांडा होता. पहिला खांद्यावर, दुसरा त्याच डाव्या हातावर, हाड मोडल्याचं ऐकू आलं. बाई मध्ये आल्या तर त्यांना ढकललं, त्या टोमॅटोवर पडल्या. मी खाली. तोंडात माती, माझ्याच खताची. तो मारत होता आणि तोंडाने काहीच बोलत नव्हता. नेहमी बोलतो. आज नुसता श्वास. मग सायकलवाल्याने मागून त्याला कवेत आवळून धरलं, आणखी कोणी धावले.

पोलीस आले. त्याला पायरीवर बसवलं होतं. गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता. हात मांडीखाली घेऊन बसला होता, लहानपणी काही फोडलं की बसायचा तसा.

बाईंनी सगळं सांगितलं. ओठ फाटला होता तरी सांगितलं. पहिल्या दिवसापासून. हवालदाराने माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर आहे का आजी?"

मी धाकट्याकडे पाहिलं. मांडीखालचे हात.

"पडले," मी म्हणाले. "बांबू कोसळला. हा उचलायला आला."

 हवालदाराने टोपी नीट केली. "आजी, बघा बुवा. सगळी गल्ली काहीतरी वेगळंच म्हणतेय."

"बांबू," मी म्हणाले.

बाईंनी खाली पडलेली कात्री उचलली, पदराने पुसली, आणि माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेल्या.

हाताला प्लॅस्टर. धाकट्याने रिक्षा केली, जाताना-येताना मला आधार दिला. घरी आल्यावर दार लावलं. म्हणाला, "आई, तू फार चांगली आहेस." पहिल्या प्रकारचं 'आई'.

४ मे

खिडकी बंद होती. ऊन चढलं तरी उघडली नाही. तो झोपलेला होता. मी चपला घातल्या, चौकीवर गेले. कालचेच हवालदार होते. "काल खोटं सांगितलं," म्हटलं. त्यांनी खुर्ची दिली, कागद पुढे ओढला, विचारलं, "कोणी मारलं?"

मुलाने.