गळती तिथे खूण

सोमवार

आलो एकदाचा! इमारत इतकी उंच आहे की वर बघताना मान मोडते, आणि ती बांधणाऱ्यांची अक्कल गुडघ्याच्या वर गेलेली नाही. पण आज मी खुशीत आहे, त्यामुळे त्यांना माफ. नोकरीबरोबर वरच्या मजल्यावरचा एक तयार फ्लॅट राहायला मिळालाय. अजून इमारतीत दुसरं कुणी राहत नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, आणि रविवारी बायको कायमची राहायला येतेय. गेलं वर्षभर ती बहिणीकडे आहे, कारण मागच्या सगळ्या नोकऱ्या माझ्या जिभेने घालवल्या. या वेळी तिने एकच अट घातलीय: कुणाला टाकून बोलायचं नाही. ही नोकरी गेली तर ती पुन्हा येणार नाही, हेही तिने शांतपणे सांगून टाकलंय. तेव्हा जे काही टाकून बोलायचं ते आता या वहीत.

काम सोपं आहे, म्हणजे मला. आग लागली की धूर जिन्यात न घुसता सरळ छपरातून बाहेर जावा म्हणून इमारतीच्या पोटातून एक उभा शाफ्ट नेलेला असतो. प्रत्येक मजल्यावर त्याला एक झडप. सगळ्या झडपा बंद करायच्या, वरचं तोंड ताडपत्रीने बांधायचं आणि खालच्या दारात मोठा पंखा बसवून आत हवा भरायची. हवा धरून ठेवली तर शाफ्ट पास. नाही धरली तर मी धुराची कांडी घेऊन मजल्यामजल्याने भिंती हुंगत फिरतो. कांडीचा धूर जिथे एकदम बाजूला पळतो तिथे फट, आणि तिथे खडूने पांढरं वर्तुळ. मागाहून पुट्टीवाला येतो आणि वर्तुळातलं भोक बुजवतो. दिवसभर खडू हातात आणि तोच हात मिशीवर, त्यामुळे संध्याकाळी मी दुधात तोंड घातलेल्या बोक्यासारखा दिसतो, असं बायको म्हणते.

इथले साहेब झोपतानाही टाय सोडत नसावेत. त्यांना मी टाय म्हणतो, अर्थात फक्त इथे. फाटकावरचा वॉचमन म्हणजे रेडिओ. धुळीसाठी तोंडाला मास्क लावतो, पण मास्कमधूनही अखंड चालू. मी बॅग खाली ठेवायच्या आत त्याच्या दोन्ही सुनांचे स्वभाव मला कळले होते.

चाचणी अर्थातच नापास. शाफ्ट कसला, चाळण आहे. वर्तुळं काढून काढून खडू संपला.

मंगळवार

सकाळी बघतो तर सगळी वर्तुळं बुजवलेली! मी सहसा कुणाला मानत नाही, पण हा पुट्टीवाला हाताचा पक्का आहे. जोड दिसत नाही, कड दिसत नाही. माल मात्र भिकार. माणसाच्या अंगासारखा रंग, बोट लावलं तर जरासा दबतो आणि कोमट लागतो. टायने कुठल्या तरी मेव्हण्याकडून स्वस्तात उचलला असणार.

संध्याकाळी माझ्याच फ्लॅटभोवती कांडी फिरवली. खिडकीच्या कडेने वारा येतो, आणि दाराखालून तर पेपर सरकवता येईल एवढी फट. बायकोला गार वारा सोसत नाही, लगेच खोकला धरतो. दोन्हीकडे वर्तुळं काढून ठेवली. मी तिच्यासाठी काहीतरी आधीच करून ठेवलंय, हे तिला नवीनच असेल. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

बुधवार

फ्लॅटमधलीही गळती बंद. मी झोपलो असताना हा माणूस आत शिरलाच कसा? टायकडे जादा किल्ली असणार. दार आता खांदा लावून उघडावं लागतं, पण वारा नाही म्हणजे नाही.

टायला पुट्टीवाल्याबद्दल विचारलं, तर म्हणे तो अजून ठरायचाय, पुढच्या आठवड्यात बघू. स्वतःच्या नाकाखाली कोण काम करतंय हेही या माणसाला माहीत नाही. वर पगार घेतो.

दुपारच्या चहाला रेडिओने मजुरांना गोळा करून नवीनच कार्यक्रम लावला. पंखा बंद असतानाही म्हणे वरची ताडपत्री आत ओढली जाते, मग फुगते, मग परत आत. शाफ्ट श्वास घेतो, म्हणाला. मजूर तोंड उघडून ऐकत होते. मला बायकोची अट आठवली. मी एक शब्द बोललो नाही. शांतपणे पुढे झालो आणि रेडिओच्या मास्कवर, नाकातोंडाभोवती, खडूने मस्त मोठं वर्तुळ काढलं. सगळे खोखो हसले. रेडिओही हसला, पण नुसता डोळ्यांनी. मास्क झटकायचंही त्याला सुचलं नाही.

गुरुवार

रेडिओ गेला.

सकाळी केबिनमध्ये खुर्चीत बसलेला सापडला. डोळे उघडे. मी आणि टायने मिळून मास्क काढला. मास्क सहज निघाला. खाली नाक नव्हतं, तोंड नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट, जोड नाही, कड नाही. मी बोट लावलं. का लावलं कुणास ठाऊक. दबलं. माणूस गार पडला होता आणि ते कोमट होतं.

टाय म्हणाला, कसलीतरी ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांनी चादर चेहऱ्यावर ओढली ती पुन्हा उचलली नाही. मूर्ख सगळे. दुपारपर्यंत मजूर सामान उचलून गेले.

ते वर्तुळ मी काढलं होतं.

शुक्रवार

ओल्या फडक्याने सगळ्या मजल्यांवरच्या खुणा पुसल्या. खडू जातो, बुजवलेलं जात नाही. कटरने कापून बघितलं. पातं मागे घेईपर्यंत परत मिळून येतं.

टायने चाचणी लावायला लावली. पास. हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा हलत नाही, कणभरही गळती नाही. टायने टाळ्या वाजवल्या. मग पंखा बंद केला, आणि काटा वर चढू लागला. टाय म्हणाला, मीटर बिघडलंय. गाढव.

बायकोला फोन केला, येऊ नकोस म्हणालो. ती म्हणाली, परत कुणाला तरी बोललास ना? गेली ना नोकरी? मी रेडिओचं सांगायला लागलो. ती म्हणाली, या वेळची थाप तरी जरा बरी रचायचीस, सामान बांधून झालंय, मी येणार. माझं डोकं फिरलं, फोन भिरकावला. तो उघड्या झडपेतून शाफ्टमध्ये गेला. मी कान देऊन उभा राहिलो. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

आता रविवारी फाटकावरच तिला गाठायचं आणि तसंच मागे फिरायचं.

ओठांचे कोपरे ताठरलेत. आरशात बघितलं. मिशीवर पांढरं. हनुवटीवर पांढरं. किती दिवस हाच हात मी तोंडाला —

घासून घासून धुतलं.

शनिवार

दार उघडत नाही. दाराखालचं चौकटीवर चढलंय, पार वरपर्यंत.

खिडकीची काच फोडली. काचेमागेही तेच. उजेड येतो, लालसर, तळहात उन्हात धरल्यासारखा.

तोंड अर्धंच उघडतं. चमच्याने पाणी घेतलं. ओरडून बघितलं. कुणाला ऐकू जाणार? इमारत रिकामी. टाय सुट्टीवर.

हवा जड झालीय. भिंत हळूच आत येते, मग मागे — रेडिओ, तू खरं बोलत होतास. माझं चुकलं. हे तोंडाने म्हणायचं होतं.

रविवार

तोंड नाही. चाचपलं. सपाट.

एकाच नाकपुडीतून —

ती आली. दाराबाहेर आहे. आवाज लांबून आल्यासारखा. सामान वर आणताना दम लागला म्हणतेय. दार उघड म्हणतेय.

मुठी आपटल्या. म्हणते, आपटाआपटी पुरे, तेवढंच येतं तुला.

नको, थांब —

म्हणते, परवा फोनवर उगाच बोलले, मी ऐकून घ्यायला हवं होतं. एकदा नीट हाक मार, म्हणते. एवढंच. नाहीतर ही मी चालले, परत यायची नाही.

आयुष्यात पहिल्यांदा चांगलं बोलायचंय मला —

पावलं. जातेय. नाही, थांबली.

हे पान फाडतो. दाराखालून तिच्याकडे सरकवतो, तिथे फट आहे, मोठी, मी स्वतःच तिथे —