आप्पांच्या गोळ्या आणि माझी पेस्ट

तासगाव, रविवार, दिवेलागणीला. छाटणीचा आठवडा.

आप्पांच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच सापडलं. हार्ट अटॅक येऊन तीन महिने झालेत आणि गेले आठ दिवस एकही गोळी घेतलेली नाही. विचारलं तर म्हणाले, "तुझी पेस्ट येणार हाय न्हवं? मग गोळ्या कवापतोर खायच्या?"

चूक माझीच. मागच्या सुट्टीत त्यांना लॅबमधलं काम सांगताना मी आपल्या द्राक्षबागेचं उदाहरण दिलं. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यावर पेस्ट लावली की तो जोमानं फुटतो, तसं आम्ही हृदयाच्या मेलेल्या भागात हायड्रोजेल नावाचं मऊ जेल सोडतो, असं मी म्हणाले. आप्पा किती खूश झाले होते. मीही झाले. पण फुटतं कुठे? ते जेल नुसता आधार देतं, हृदय आणखी ताणलं जाऊ देत नाही. तेही अजून उंदरांमध्येच. एवढं वाक्य मी का गाळलं? त्यांच्यासाठी की माझ्याचसाठी?

पाकीट हातात धरूनच आज सगळं सांगितलं. आप्पा बाहेर बागेकडे बघत राहिले. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

"वाळल्या काडीला पेस्ट लावून डोळा फुटत न्हाई, ते मला ठावं हाय गं," म्हणाले. "पन तू सांगितलंस, म्हणून मानलं."